होलोकॉस्टमधून वाचलेल्या शेजारच्या आजींना भरपाईच्या अर्जात मदत कशी करायची

न्यूयॉर्क-न्यूजर्सीकडे राहत असाल तर नात्झी छळातून वाचलेले कोणी आजी-आजोबा तुमच्या बिल्डिंगमध्ये असू शकतात, आणि मुलं लांब असली की हे फॉर्म भरून द्यायला कुणीच नसतं. आपल्याला कायदा यायची गरज नाही, चिकाटी हवी.

आधी एक नीट समजून घ्या. अर्ज माणूस करतो, पण तो अर्ज करायची सोय सरकारं आपसात बोलून तयार करतात. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्यात १९९९ पासून होलोकॉस्टच्या प्रश्नांसाठी वेगळा विशेष दूत असतो, आणि त्या ऑफिसातले डिप्लोमॅट कुणा एकाची केस लढत नाहीत, ते समोरच्या देशाला कायदा करायला किंवा पैसे बाजूला काढायला राजी करतात. फ्रान्सचंच घ्या, तिथल्या रेल्वेने छळछावण्यांकडे पाठवलेले जे लोक पुढे अमेरिकन झाले त्यांना फ्रेंच पेन्शन मिळत नव्हती कारण ती फ्रेंच नागरिक आणि मोजक्या करार केलेल्या देशांपुरती होती, अमेरिकन कोर्टात वर्षानुवर्षं भांडूनही हाती काही लागेना, शेवटी डिसेंबर २०१४ मध्ये वाटाघाटीतून ६ कोटी डॉलरचा करार झाला. बदल्यात फ्रान्सवर अमेरिकन कोर्टात असे दावे चालू देणार नाही अशी हमी अमेरिकेने दिली. ही अट काही जणांना खटकली, पण नव्वदीच्या माणसाला अजून दहा वर्षं कोर्टात थांबा कसं सांगणार? मला तो करार बरोबरच वाटतो.

आता कागद. जर्मनीत बाड आरोल्सेनला आरोल्सेन अर्काइव्ह्ज म्हणजे नात्झी छळाच्या कागदपत्रांचा संग्रह आहे, सुमारे पावणेदोन कोटी लोकांची माहिती, बरंचसं ऑनलाइन शोधता येतं आणि चौकशीला पैसे पडत नाहीत. नाव एकाच स्पेलिंगने शोधून सोडून देऊ नका. गावाचंही तसंच, ल्वूफ, लेम्बर्ग, ल्विव हे एकच शहर, कागद कुठल्या राजवटीतला त्यावर नाव ठरतं. कुटुंब तेव्हा पळून मुंबईत आलं असेल (जर्मनी-ऑस्ट्रियातून बरेच ज्यू आले होते) तर तिथलेही जुने पासपोर्ट, शाळेचे दाखले विचारा.

आजींशी बोलताना पोलिसासारखे प्रश्न विचारू नका प्लीज. त्यांना बोलू द्या, त्या थांबल्या की तुम्हीही थांबा, उरलेलं दुसऱ्या दिवशी. पण घेट्टोत (ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत) किंवा लपून किती महिने काढले हे कधीतरी हळूच विचारावंच लागतं, कारण काही पेन्शनची पात्रता त्यावर ठरते.

ज्यू व्यक्तींचे बहुतेक अर्ज क्लेम्स कॉन्फरन्सकडे जातात, ही १९५१ ची संस्था जर्मन सरकारशी दरवर्षी बोलणी करते. अर्जाला फी नाही. त्यामुळे कुणी एजंट टक्केवारी मागत असेल तर सरळ नाही म्हणा. रोमा (ज्यांना जिप्सी म्हणायचे) आणि इतरांसाठी जर्मन सरकारची वेगळी व्यवस्था आहे.

घेट्टोत काम केलं होतं का आणि बदल्यात काही मिळायचं का, जेवण सुद्धा, हे मुद्दाम विचारा. त्यासाठी २००२ च्या जर्मन कायद्याने वेगळी पेन्शन आहे, सुरुवातीला बहुतेक अर्ज फेटाळले गेले, मग २००९ मध्ये तिथल्या कोर्टाने निकष सैल केले. म्हणून "आम्हाला मागेच नकार आलाय" असं आजी म्हणाल्या तर तिथे थांबू नका, नियम बदललेत, परत विचारा.

घर-जमिनीचं मात्र अवघड आहे. पोलंडमध्ये खाजगी मालमत्तेसाठी सर्वंकष कायदाच नाही, तिथल्या प्रशासकीय कायद्यातल्या २०२१ च्या दुरुस्तीने तर वाट आणखी अरुंद झाली. हिसकावलेली मालमत्ता परत करण्याबद्दलच्या २००९ च्या तेरेझीन जाहीरनाम्यावर ४० हून जास्त देशांनी होकार दिला पण तो कायद्याने बंधनकारक नाही. मग अशा वेळी विशेष दूताच्या ऑफिसला लिहायचं, आणि लिहिताना राग नाही, माहिती द्यायची: पत्ता, मालकाचं नाव, कधी हिसकावलं, कुठे अर्ज केला, काय उत्तर आलं. तुमचं घर ते मिळवून देतील असं नाही, पण पुढच्या बैठकीत त्या देशासमोर ठेवायला खरी केस लागते.

पेन्शन सुरू झाली की दरवर्षी हयातीचा दाखला पाठवावा लागतो, तो राहिला तर पैसे थांबतात. ती तारीख तुमच्या फोनमध्येही टाकून ठेवा.