नव्या वायरलेस मानकाची पारख करताना या चुका टाळा

वेगवान मोबाइल डेटासाठी नवे मानक प्रस्तावित झाले की बहुतेकांची नजर आधी कमाल वेगावर जाते, आणि माझ्या मते परीक्षण तिथेच भरकटू लागते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने ‘आयएमटी-२०२०’साठी, म्हणजे ५जीच्या निकषांसाठी, डाउनलिंकचा (मोबाइल टॉवरकडून उपकरणाकडे येणाऱ्या डेटाचा) कमाल वेग सेकंदाला २० गिगाबिट ठरवला, परंतु त्याच निकषांतील कमाल कार्यक्षमता, म्हणजे दर हर्ट्झमागे सेकंदाला ३० बिट, धरून भागाकार केला तर या वेगासाठी सुमारे ६६७ मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रम (रेडिओ लहरींचा पट्टा) लागतो, आणि तोही सगळा एकाच वापरकर्त्याच्या वाट्याला यावा लागतो. याउलट, दाट शहरी वस्तीत सर्वांत कमी वेग मिळणाऱ्या ५ टक्के वापरकर्त्यांसाठीची किमान मर्यादा दर हर्ट्झमागे सेकंदाला ०.२२५ बिट आहे. डाउनलिंकला १०० मेगाहर्ट्झ मिळाले तरी हा वेग सेकंदाला २२.५ मेगाबिटच भरतो. सेलच्या, म्हणजे एका टॉवरच्या क्षेत्राच्या, कडेला असलेल्या माणसाचा अनुभव याच आकड्यात दिसतो. प्रस्तावात तो दिलेला नसेल, तर मागून घ्यावा.

दुसरी चूक गृहीतके न वाचण्याची. ग्रामीण चाचणीत दोन बेस स्टेशनांमधील (मोबाइल टॉवरांमधील) अंतर १,७३२ मीटर धरले आहे की ६ किलोमीटर, यावर निष्कर्ष पार बदलू शकतो. जुन्या मानकाशी तुलना करताना अँटेनांची संख्या, स्पेक्ट्रम आणि प्रक्षेपणाची शक्ती दोन्हीकडे सारखी आहे ना, हेही पाहावे.

स्थिर उपकरणावरची चाचणी ‘मोबाइल’ म्हणून स्वीकारू नये. ताशी ५०० किलोमीटर वेगाने जाणाऱ्या गाडीत ४ गिगाहर्ट्झच्या लहरीची वारंवारता डॉप्लर परिणामामुळे, म्हणजे गतीमुळे, सुमारे १,८५० हर्ट्झने सरकते; उपवाहकांमधील (डेटा वाहणाऱ्या शेजारच्या अरुंद वारंवारतांमधील) अंतर १५ किलोहर्ट्झ असेल, तर हे सरकणे त्याच्या आठव्या हिश्शाइतके होते आणि उपवाहक एकमेकांत मिसळू लागतात.

परीक्षण करणाऱ्या दोन गटांच्या सिम्युलेशनचे (संगणकावरील प्रतिरूप चाचणीचे) निकाल जुळले नाहीत, तर लगेच प्रस्तावाला दोष देऊ नये. आधी डेटाचे वेळापत्रक ठरवणारा भाग बाजूला ठेवून, बेस स्टेशनपासून उपकरणापर्यंत सिग्नल किती क्षीण होतो आणि सिग्नलचे हस्तक्षेप व गोंगाटाशी प्रमाण किती राहते, या दोनच गोष्टींचे आलेख शेजारी ठेवावेत. तफावत तिथेच दिसली, तर अँटेनाचा कल, उंची आणि इमारतीत शिरताना होणारी घट, ही गृहीतके तपासावीत. आलेख जुळल्याशिवाय वेगाच्या आकड्यांची तुलना करू नये.