जीए मोजायला काटा कोणता घ्यावा?

द्राक्षाच्या पोपटी अवस्थेत (घड कोवळा, पोपटी असताना) १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १० भाग, जीए (जिबरेलिक ॲसिड, वाढीचं संजीवक) द्यायचं म्हणजे १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम सक्रिय घटक. २०० लिटरच्या टिपाडाला २ ग्रॅम, ६०० लिटरच्या ब्लोअरला (ट्रॅक्टरच्या फवारणी यंत्राला) ६ ग्रॅम. नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडे एवढ्याशा पावडरीसाठी स्वयंपाकघरातला काटा काढला जातो आणि फवारणी तिथेच बिघडते. तो एकेका ग्रॅमच्या पायरीने चालतो. आकडा २ दिसतो, पण पावडर दीड ग्रॅम असू शकते किंवा अडीच. जास्त गेली तर देठ कडक होतात, शॉट बेरीज (न वाढलेले बारीक मणी) वाढतात. कमी गेली तर घड लांबत नाही, मण्यांची दाटी होते आणि विरळणीची मजुरी वाढते.

०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा, २०० ग्रॅम क्षमतेचा छोटा बॅटरीचा काटा घ्या. हजार रुपयांच्या आत मिळतो. ०.००१ ग्रॅमचा काटा बागेत नको. झाकण नसेल तर श्वासानेही त्याचा आकडा हलतो. शिवाय १ ग्रॅममागे ०.०२ ग्रॅमची चूक म्हणजे फक्त २ टक्के. टिपाड अंदाजाने भरताना याहून मोठी चूक होते. म्हणून टिपाडावर लिटरच्या खुणाही मोजूनच करा.

वाचलेल्या पैशांत काटा तपासायला एम१ वर्गाची (हा वजनांच्या अचूकतेचा एक ठरलेला वर्ग) १, २ आणि ५ ग्रॅमची वजनं घ्या. या वर्गाच्या १ ग्रॅमच्या वजनात फार तर १ मिलिग्रॅमचा फरक चालतो. नाण्यांवर काटा तपासू नका, ती झिजतात. वजनं चिमट्याने उचला, कारण घामाच्या बोटांचा थरही वजनात धरला जातो.

नवा काटा घरी आणला की २ ग्रॅमचं वजन दहा वेळा ठेवा-काढा. आकडे ०.०२ पेक्षा जास्त फिरले तर काटा परत करा. तेच वजन ताटलीच्या चारही कडांना ठेवून बघा. मग १०० ग्रॅमच्या आसपासची कुठलीही वस्तू ठेवून त्यावर १ ग्रॅमचं वजन टाका, वाढ १.०० च्या जवळ यायला हवी. शेवटी ती वस्तू दहा मिनिटं तशीच ठेवा. आकडा सरकत राहिला तर लोडसेल (काट्यातला वजन ओळखणारा भाग) कच्चा आहे.

काटा चांगला असूनही हमखास फसवणारी एक गोष्ट आहे. शून्याजवळचा अगदी बारीक बदल हे काटे आपोआप शून्यावर आणतात. भांडं ठेवून टेअर केलं (भांड्यासकट आकडा शून्य केला) आणि पावडर चिमूट-चिमूट सोडली, तर सुरुवातीची पावडर मोजलीच जात नाही. आकडा १.०० दिसतो, भांड्यात मात्र त्याहून जास्त पडलेली असते. उपाय सोपा आहे. पहिल्यांदा जरा कमी पण एकदम टाका, मग भांडं उचलून पुन्हा ठेवा आणि तो आकडा खरा माना. मधेच काटा आपोआप बंद पडला तर टेअर जातं, तेव्हा रिकाम्या भांड्याचं वजन आधीच लिहून ठेवा.

मोजताना पंखा बंद ठेवा, काटा सपाट फरशीवर ठेवा. गाडीत उन्हात तापलेला असेल तर सावलीत अर्धा तास निवू द्या. प्लॅस्टिकच्या कपाला पावडर चिकटते. स्टीलची छोटी वाटी बरी.

लेबलवरची टक्केवारी बघितल्याशिवाय मोजू नका. ९० टक्के पावडर असेल तर १ ग्रॅम सक्रिय घटकासाठी १.११ ग्रॅम लागते, ४० टक्के असेल तर २.५ ग्रॅम.

०.१ ग्रॅमचाच काटा हाताशी असेल तर पावडर एकदम जास्त मोजा. ९० टक्क्यांची ११.१ ग्रॅम पावडर अल्कोहोलमध्ये विरघळवून मोजपात्रात अल्कोहोलनेच ५०० मिली करा. यातल्या दर ५० मिलीत १ ग्रॅम सक्रिय घटक येतो आणि काट्याची चूक १ टक्क्याच्या आसपास राहते. हे काम चुलीपासून लांब करा आणि द्रावण त्याच दिवशी वापरा.