रोमन ब्लाइंड घरी शिवताय? या चुका टाळा

रोमन ब्लाइंड म्हणजे मागे सळया आणि कड्या लावलेला, दोऱ्या ओढल्या की आडव्या घड्या पडत वर जाणारा खिडकीचा सपाट पडदा. तो बिघडतो तो मशीनवर बसायच्या आधीच. शिलाई त्यात सरळ टिपांचीच आहे. पण माप आणि कापडाची तयारी यांत अर्धा दिवस घालवायची तयारी नसेल, तर साधा चुणीचा पडदा शिवावा. तो चुका पोटात घालतो, ब्लाइंड घालत नाही.

पुढचा सगळा हिशेब 40 इंच रुंद आणि 52 इंच उंच अशा तयार ब्लाइंडचा आहे.

कापड न भिजवता, न सरळ करता कापणं

सगळ्यात जास्त दिसणारी आणि सगळ्यात महाग पडणारी चूक ही. नवं सुती कापड पहिल्या धुण्यात साधारण 3 ते 5 टक्के आटतं, हातमागाचं कधी त्याहूनही जास्त. वर 1 आणि खाली 3 इंच दुमड धरली तर आपल्याला 56 इंच लांब तुकडा लागतो. दीड मीटर, म्हणजे 59 इंच आणलं, तर धुतल्यावर जेमतेम 56 उरेल आणि कड सरळ करताना आणखी दीड-दोन इंच जातील. पावणेदोन मीटर घ्या. अस्तरही भिजवाच. नुसतं अस्तर आटलं तर पुढच्या कापडाला झोळ येतो आणि तो इस्त्रीने जात नाही.

ठाण्यातल्या एका घरी पट्ट्यापट्ट्यांच्या सुती कापडाचा ब्लाइंड वर ओढला की दर वेळी डावीकडून दीड इंच जास्त चढायचा. दोऱ्या सोडून पुन्हा बांधल्या, कड्या हलवल्या, वरची रीप, म्हणजे ब्लाइंड टांगायची लाकडी पट्टी, पातळीत आहे ना तेही तपासलं. शेवटी ब्लाइंड उतरवून फरशीवर पसरला आणि दोन्ही कर्ण मोजले, तर त्यांच्यात दोन इंचांहून जास्त फरक! दुकानात कात्रीने कापून दिलेली कड सरळ आहे असं गृहीत धरून त्यावरून सगळी मापं घेतली होती. दोऱ्यांशी कितीही झटापट केली तरी हा दोष निघणार नव्हता. सगळं उसवून, उंची गमावून तो पुन्हा शिवावा लागला.

म्हणून धुऊन वाळवल्यावर सुईच्या टोकाने एक आडवा धागा उचला, हळूहळू ओढत पलीकडच्या किनारीपर्यंत न्या आणि उमटलेल्या रेषेवर कापा. घट्ट विणलेली किनार दोन्ही बाजूंनी काढून टाका. मग 43 इंच रुंदी ठेवा, दोन्हीकडे दीड-दीड इंच दुमडायला. दुमडून झाल्यावर कर्ण मोजा. एका सुताचा (इंचाच्या आठव्या भागाचा) फरक चालेल, अर्ध्या इंचाचा नाही. छपाईच धाग्याला तिरकी असेल तर ते कापड कितीही आवडलं तरी दुकानातच सोडा.

उंचीचे सारखे भाग पाडणं

52 भागिले 4, म्हणून दर 13 इंचांवर सळई. घाईत असलेला प्रत्येक जण हेच करतो. ब्लाइंड वर गेला की प्रत्येक घडी साडेसहा इंच लोंबते, पण खालचा भाग दुमडत नाही. तो पूर्ण 13 इंच राहतो आणि घड्यांखाली जिभेसारखा बाहेर येतो.

खालचा भाग मधल्या अंतराच्या निम्मा हवा. वर रीप आणि तिच्या दोऱ्या ओवायच्या हुकांसाठी 2 इंच आणि खालची कड घड्यांखाली जराशी दिसावी म्हणून 1 इंच बाजूला ठेवा. उरले 49. त्याला विषम आकड्याने भागा: 3 सळयांना 7, 4 सळयांना 9. इथे 49 भागिले 7 म्हणजे 7 इंच. खालून पहिली सळई 7 अधिक 1, म्हणजे 8 इंचांवर, पुढच्या दर 14 इंचांवर: 22 आणि 36. वर 16 उरतात, ते बरोबर आहे. खुणा नेहमी खालून करा, म्हणजे कमीजास्त झालंच तर ते वर रीपेपाशी जाईल.

अस्तरात सळईची नळी शिवायला जास्तीचं कापड लागतं, हे हमखास विसरतात. 6 मिलिमीटरच्या सळईला अर्धा इंच खोल नळी पुरते, ती 1 इंच अस्तर खाते. तीन नळ्यांना 3 इंच अस्तर जास्त कापा.

लोखंडी सळई घालू नका. पावसाळ्यात गंजून डाग पडतात. फायबर किंवा अॅल्युमिनियम घ्या, तयार रुंदीपेक्षा 1 इंच आखूड.

कड्या फक्त अस्तराला शिवल्या तर पुढचं कापड सुटून लोंबतं. दोन्ही थर पकडून हाताने टाका घाला. कडेपासून 2 इंच आत, मग दर 12 इंचांवर, म्हणजे एका सळईवर 4 कड्या.

चिकटपट्टीचं वेल्क्रो उन्हाने सुटतं आणि त्यातून शिवताना सुईला गोंद लागतो. शिवायचं वेल्क्रो आणा. मऊ बाजू ब्लाइंडला शिवा, खरखरीत बाजू रीपेवर ठोका.

खणाचा पन्हा कमी भरतो, म्हणून जोड द्यावा लागतो. तो मध्यभागी देऊ नका. पूर्ण पन्हा मध्ये, जोडपट्ट्या दोन्ही कडांना सारख्या.

चौकटीत बसवायचा असेल तर रुंदी वर, मध्ये, खाली मोजा. सर्वांत लहान मापातून अर्धा इंच वजा करा. सरकत्या खिडकीचं हँडल किती पुढे येतं तेही पाहा. जागा 3 इंचांपेक्षा उथळ असेल तर सरळ भिंतीवर लावा.

दोऱ्यांच्या गाठी टेबलावर मारू नका. ब्लाइंड टांगून पूर्ण सोडलेला असताना चारही दोऱ्या सारख्या ताणून एकत्र गाठ मारा. ओढायच्या बाजूचा शेवटचा हुक मोठा हवा, कारण सगळ्या दोऱ्या त्यातून जातात. दोरी गुंडाळायचा हुक जमिनीपासून किमान 5 फूट उंच लावा आणि दोरीचा फास खाली लोंबू देऊ नका. लहान मुलांच्या गळ्याला तो अडकू शकतो. इथे सोयीसाठी तडजोड नाही.

शेवटचं काम धीराचं. ब्लाइंड पूर्ण वर ओढून प्रत्येक घडी हाताने पुढे काढा, मऊ कापडाच्या पट्ट्यांनी सैल बांधा आणि दोन-तीन दिवस तसाच ठेवा. मग घड्या आपसूक त्याच जागी पडू लागतात.