कालव्यावरची छोटी बोट: लायसन्स आणि मूरिंग कसं मार्गी लावावं

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून हल्ली हा प्रश्न बरेचदा येतो: घरभाडं झेपत नाही, मग कालव्यावर नॅरोबोट (लांबट, अरुंद बोट) घेऊन राहिलं तर? राहता येतं. पण "आधी बोट घ्या, बाकीचं नंतर बघू" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका. आधी बोट बांधायच्या जागेचा, म्हणजे मूरिंगचा निर्णय, मग बोट, मग लायसन्स, हाच क्रम बरोबर.

कालवा कोणाच्या अखत्यारीत आहे ते बघा. इंग्लंड आणि वेल्समधले सुमारे २,००० मैल जलमार्ग २०१२ पासून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट ही धर्मादाय संस्था सांभाळते. भरतीच्या टप्प्याच्या वरची थेम्स एन्व्हायर्नमेंट एजन्सीकडे आहे. दोन्हीकडे फिरणार असाल तर दोघांच्याही पाण्यावर चालणारं 'गोल्ड लायसन्स' घ्या. ब्रिजवॉटर आणि बेसिंगस्टोक कालव्यांचा कारभार स्वतंत्र आहे.

लायसन्ससाठी लागणारं बोट सेफ्टी सर्टिफिकेट चार वर्षं चालतं. गॅस, वीज, इंधन आणि हवा खेळती राहण्याची सोय तपासली जाते. राहण्याची सोय असलेल्या बोटीवर २०१९ पासून कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही सक्तीचा आहे. विकणाऱ्याकडून सर्टिफिकेटची तारीख आधी विचारा. थर्ड पार्टी विमा घ्या. या दोन्हींत डोकं खाण्यासारखं काही नाही.

खरी गोम पुढच्या प्रश्नात आहे: बोटीला होम मूरिंग आहे का? १९९५ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याचं कलम १७ दोनच पर्याय देतं. एक, बोट कायदेशीरपणे ठेवता येईल अशी कायमची जागा दाखवा. दोन, लायसन्सच्या पूर्ण काळात बोट खरोखर प्रवासात ठेवा आणि एका ठिकाणी सलग १४ दिवसांपेक्षा जास्त थांबू नका. परिस्थितीनुसार वाजवी असेल तेवढी मुदत वाढू शकते. दुसऱ्या पर्यायाला सगळे 'कंटिन्युअस क्रूझिंग' म्हणतात, आणि नवखे इथेच फसतात.

मलाही हे नीट कळायला बराच वेळ लागला, कारण कायद्यात 'ठिकाण' म्हणजे नक्की केवढं ते लिहिलेलंच नाही. म्हणून लोक सांगतात, चौदाव्या दिवशी बोट पुलापलीकडे न्या, पुन्हा चौदा दिवसांनी परत आणा. हा सल्ला साफ चुकीचा आहे. ट्रस्टच्या लेखी ठिकाण म्हणजे तो परिसर, नुसता खुंटा नव्हे. दोन वस्त्यांमध्ये येरझाऱ्या घातल्या तर तो प्रवास धरला जात नाही. वर्षभरातला पल्ला २० मैलांच्या आत राहिला तर ट्रस्टचं समाधान होणं अवघड. हा आकडा कायद्यात नाही, पण लायसन्सचं नूतनीकरण ट्रस्टच्या हातात आहे. ट्रस्टची माणसं टोपाथवरून (कालव्याकाठच्या पायवाटेवरून) चालत बोटींचे नंबर नोंदवून घेतात, त्यामुळे कुठली बोट कधी कुठे होती हे त्यांना ठाऊक असतं. हालचाल अपुरी वाटली तर आधी कमी मुदतीचं लायसन्स मिळतं, मग तेही नाकारलं जाऊ शकतं. लायसन्स नसलेली बोट १९८३ च्या ब्रिटिश वॉटरवेज कायद्याच्या कलम ८ खाली, किमान २८ दिवसांची नोटीस देऊन, पाण्यातून हलवता येते. ती बोट म्हणजे तुमचं राहतं घर असलं तरी!

म्हणून माझं स्पष्ट मत: मुलांची शाळा किंवा रोजची नोकरी एकाच गावात असेल, तर कंटिन्युअस क्रूझिंगच्या वाटेला जाऊ नका. आजारपण, इंजिनचा बिघाड किंवा गोठलेला कालवा यामुळे अडकलात तर मुदत संपायच्या आधी ट्रस्टला कळवून ठेवा. स्वस्त पडतं म्हणून भलतीकडचं मूरिंग नुसतं कागदावर घ्यायच्या फंदात अजिबात पडू नका.

मूरिंग घेतानाही कागद वाचा. बहुतेक जागा फक्त फावल्या वेळेतल्या वापरासाठी असतात. बारा महिने राहायचं तर निवासी मूरिंग हवं, आणि ती दुर्मिळ आहेत.

आता पैसे. लायसन्स लांबी-रुंदीवर ठरतं. पन्नास-साठ फुटी नॅरोबोटीला वर्षाला हजार पौंडांच्या पुढे धरा. २.१६ मीटरपेक्षा रुंद बोटीला जादा आकार आहे, त्यामुळे रुंद बोटीचा मोह करण्याआधी हिशेब मांडा. होम मूरिंग नसलेल्यांवर २०२४ पासून अधिभार लागला. तो ५ टक्क्यांपासून टप्प्याटप्प्याने २०२८ मध्ये २५ टक्क्यांवर जायचा आहे. मूरिंगचं भाडं लायसन्सहून वेगळं. ग्रामीण भागात ते लायसन्सच्या आसपास असू शकतं, लंडनमध्ये कित्येक पट. खाजगी मरीनात (बोटी ठेवायच्या गोदीत) जागा घेतली म्हणून लायसन्स सुटतं असंही नाही.

अर्ज ऑनलाइन होतो. लायसन्स आणि बोटीचा नंबर दोन्ही बाजूंनी दिसेल असा लावा.

वाटेत थांबताना पाटी वाचा: कुठे ४८ तास, कुठे ७ दिवस, कुठे १४. लॉकच्या (पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांच्या) तोंडाशी, पुलाखाली, पाणी भरायच्या नळापाशी किंवा बोट वळवायच्या रुंद जागेत बांधू नका. काठाला लोखंडी पत्रा असेल तर हुक अडकवा, नुसती माती असेल तर खुंटे ठोका. पुढचा दोर पुढे आणि मागचा मागे, तिरका ताणून बांधा. छतावरच्या मधल्या दोरावर बोट कधीही सोडून जाऊ नका. शेजारून कोणी जोरात गेलं की पाणी ओढलं जातं, बोट त्या एका दोरावर कलते आणि आतली भांडीकुंडी खाली येतात. खुंट्याला पांढरी पिशवी किंवा टेनिसचा चेंडू लावा. टोपाथवर अंधारात सायकली येतात.