बंद वाड्यातली जुनी मराठी पुस्तकं शोधायची तर

बडोद्यात दांडिया बाजार, राऊपुरा या बाजूला कुलूप लागलेले वाडे पुष्कळ. मंडळी पुण्याला नाहीतर परदेशी, आणि माळ्यावर आजोबांची ट्रंक. सयाजीराव महाराजांच्या अमदानीत (1875–1939) इथे मराठी पुस्तकांना राजाश्रय होता; सयाजी साहित्यमाला मराठी-गुजराती दोन्हींत निघे. तेव्हाच्या घरांत काय सापडेल, सांगता येत नाही.

आधी मालकाचा होकार घ्या. तोंडी नको, व्हॉट्सॲपवर दोन ओळी असू द्या. वाटण्या झालेल्या नसतील तर सगळ्या भावांना विचारा. कुलूप मोडकं म्हणजे घर बेवारशी नव्हे! शेजारच्या काकांनाही सांगा, नाहीतर चोर समजून आरडाओरडा व्हायचा.

जायचं दिवाळीनंतर, कोरड्या हवेत, सकाळी, दोघांनी. लाकडी जिन्यावर पाय भिंतीच्या कडेने टाका, मधोमध नाही. एन-95 मास्क, टॉर्च, रंगाचा नवा मऊ ब्रश, पेन्सिल. पेन घरी ठेवा.

ट्रंक उघडली की हात लावण्याआधी फोटो काढा. कशावर काय होतं, यावरून पुस्तकं कुणाची ते कळतं. पुस्तक वरून बोट घालून ओढू नका. कसर पाठीतली खळ खाते. बाहेरून धड दिसणारी पाठ हातात सुटून येते. दोन्ही बाजूंच्या पुस्तकांना मागे सारा आणि मधलं पुठ्ठ्यांना धरून उचला. ओलसर असेल तर सावलीत, वाऱ्यावर वाळवा. मी एकदा घाईने उन्हात ठेवलं होतं, संध्याकाळपर्यंत पुठ्ठा पापडासारखा वळला.

पहिलं पान नसलं तर निराश होऊ नका. वाचनालयाचा शिक्का, लग्नात भेट दिल्याची ओळ, शेवटच्या पानांवरच्या जाहिराती बघा. सालाला शके लिहिलं असेल तर 78 मिळवा: शके 1835 म्हणजे 1913-14. इथे विक्रम संवतही भेटतो, त्यातून साधारण 57 वजा करा. आमच्या एका मित्राने संवत हा शक समजून पुस्तक भविष्यात छापलेलं ठरवलं होतं.

कापडी रुमालात बांधलेले मोडी कागद दिसले तर गाठ सोडू नका, जाणकाराला बोलवा. 75 वर्षांहून जुनी, साहित्यिक वा ऐतिहासिक मोलाची हस्तलिखितं 1972च्या पुरावस्तू कायद्यात येतात. ती परदेशी पाठवता येत नाहीत. छापील पुस्तक स्कॅन करून नेटवर टाकायचं असेल तर लेखक जाऊन 60 वर्षं उलटलीत ना, ते पाहा.

निघताना यादीची एक प्रत मालकाला द्या, परवानगी नसलेलं पान खिशात घालू नका. पस्तीवाल्याला, म्हणजे रद्दीवाल्याला, बोलावण्याआधी निदान ती यादी वाचा, असंही सांगून ठेवा. पुस्तकं होती तशी रचा आणि ट्रंकेत वेखंडाची पुरचुंडी टाका.