कॅम्परचं दार लागत नाही? लॉकला हात लावण्याआधी हे बघा

दार दोनदा आपटावं लागतं, वरच्या कोपऱ्यातून वारा शिट्टी घालतो, नाहीतर बेळगावजवळचं खानापूर सोडून जांबोटी-कणकुंबीचा रस्ता लागला की दार खुळखुळायला लागतं. अशा वेळी बहुतेक जण पहिल्यांदा चौकटीवरचा स्ट्रायकर (लॉक ज्यात अडकतो तो भाग) सैल करतात आणि खाली सरकवतात. त्या दिवशी दार लागतं. पण दार मुळात बिजागरीवरून खाली उतरलं असेल तर दुखणं तसंच राहतं, उलट लॉकही त्याच्या मागोमाग खाली जातो. दोन महिन्यांनी दार उंबऱ्याला घासायला लागतं. म्हणून क्रम असा ठेवा: आधी गाडी, मग बिजागरी, मग लॉक, आणि दाराभोवतीचं रबर सगळ्यात शेवटी.

गाडी सपाट जागेवर घ्या. एक चाक खड्ड्यात किंवा दगडावर असलं की बॉडीला पीळ बसतो, चौकट तिरकी होते आणि चांगलं दारही अडतं. चारी टायरांची हवा कंपनीने सांगितल्याप्रमाणे भरा, टेकूचे जॅक वर घ्या, हँडब्रेक ओढून चाकांना पुढे-मागे अडसर लावा आणि उंबऱ्यावर पाणसळ ठेवून बघा. मुक्कामाच्या जागी जॅक लावताना खाली जाड फळी घाला. आपल्याकडे हाताशी जांभ्याचा चिरा असतो, पण जॅकच्या टोकाखाली तो फुटतो. आता एक खिडकी उघडून दार लावा. लागलं? मग बिघाड काहीच नाही, आतली हवा बाहेर जायला वाट नव्हती. नवीन रबर लावलेल्या गाडीत हे हमखास होतं.

तरी लागत नसेल तर दार आतून हळूच ओढून धरा आणि फट चारी बाजूंनी मोजा. एकाच कडेच्या वरच्या आणि खालच्या टोकात २ मि.मी.पेक्षा जास्त फरक नको. लॉकच्या बाजूला वर फट कमी, खाली जास्त, आणि दाराची खालची कड घासलेली दिसली तर दार उतरलंय. खात्रीसाठी दार अर्धं उघडा, लॉकच्या बाजूची खालची कड दोन्ही हातांनी धरून वर उचला आणि दुसऱ्याला बिजागऱ्यांकडे बघायला सांगा. बिजागरीचं पान चौकटीवर हललं तर स्क्रू सैल आहेत. पान घट्ट पण दार हलतंय, तर पिन किंवा बुश (पिनेभोवतीची नळी) झिजलाय. झिजलेल्या पिनेला ग्रीस भरून काही होत नाही. बेळगावच्या उद्यमबागेत लेथवाल्याकडे जुनी पिन नमुना म्हणून न्या आणि पिन-बुश दोन्ही नवे करून घ्या.

स्क्रूचं काम सावकाश करा. दाराखाली फळी आणि पाचर देऊन वजन पेला. सगळे स्क्रू एकदम काढू नका, एकावेळी एकच. प्लायवूडमध्ये छिद्र मोठं झालं असेल तर ८ मि.मी.चं ड्रिल मारून त्यात सागवानी खुंटी इपॉक्सी लावून ठोका. २४ तास हात लावू नका, मग ३ मि.मी.चं छिद्र पाडून ४ मि.मी.चा स्टेनलेस स्क्रू बसवा. काडेपेटीच्या काड्या कोंबून केलेलं काम पहिल्या घाटापर्यंतच टिकतं. चौकोनी पाइपची चौकट असेल तर एम-६ रिव्हेट नट (पाइपच्या छिद्रात बाहेरूनच घट्ट बसणारा, ६ मि.मी. बोल्टचा नट) मारा.

स्क्रू घट्ट करूनही दार खाली असेल तर पॅकिंग (पानामागे घालायची पातळ पट्टी) घाला, आणि ते खालच्या बिजागरीमागे. वरच्या मागे घातलं तर दार आणखी उतरतं. ही चूक फार होते. हिशोब सोपा आहे: बिजागऱ्यांमध्ये १२० सें.मी. अंतर आणि दार ६० सें.मी. रुंद असेल, तर १ मि.मी. पॅकिंगने लॉककडची बाजू अर्धा मि.मी. उचलली जाते. अॅल्युमिनियम किंवा स्टेनलेसची पट्टी वापरा, पुठ्ठा नको. पहिल्या पावसात त्याचा लगदा होतो.

आता लॉक. दार उघडं असतानाच लॉकच्या तोंडातला पंजा स्क्रूड्रायव्हरने आत ढकला: टक, टक, दोन खटके ऐकू आले पाहिजेत. हँडल ओढल्यावर पंजा पूर्ण उघडला पाहिजे. उघडत नसेल तर आतला रॉड नीट बसलेला नाही किंवा धूळ भरलीय. पंजा मिटलेला राहिला असताना दार आपटलं तर लॉकच मोडतो, म्हणून ही तपासणी झाल्यावर हँडल ओढायला विसरू नका. इकडची लाल धूळ ग्रीसमध्ये मिसळली की मळलेल्या कणकेसारखी होते. डब्ल्यूडी-४० मारून ती धुऊन काढा, पुसा, आणि मग ग्रॅफाइटची पूड किंवा कोरडा पीटीएफई (टेफ्लॉन) स्प्रे वापरा.

पंजाच्या कडेला थोडं काजळ लावून दार हळू टेकवा. स्ट्रायकरवर डाग कुठे उमटतो ते बघा. मधोमध हवा. खाली उमटला तर पुन्हा बिजागरीकडे जा. बाजू बरोबर आहे पण दुसरा खटका पडत नाही, एवढंच असेल तर स्ट्रायकरभोवती पेन्सिलीने रेघ मारून ठेवा, बोल्ट सैल करा आणि १ मि.मी. बाहेर सरकवा. परत लावून बघा. एकदम ३ मि.मी. सरकवलं तर दार लागेल, पण रबर दाबलं जाणार नाही आणि पाणी आत येईल.

रबर तपासायला जुन्या कॅलेंडरच्या २ सें.मी. रुंद पट्ट्या कापा. दर १५ सें.मी.वर एक पट्टी दारात अडकवून ओढा. सगळीकडे सारखी अडली पाहिजे. नळीचं रबर एक तृतीयांश ते निम्मं दाबलं जावं; ८ मि.मी. फटीला १२ मि.मी. नळी चालते, १८ ची आणली तर दारच लागणार नाही. बसवताना ताणू नका, ५ मीटरला ५ सें.मी. जास्त कापा. जोड खालच्या कडेला घ्या. ईपीडीएम (दाराच्या पट्ट्यांना वापरतात ते कृत्रिम) रबराला ग्रीस, डिझेल, तेल लावू नका, ते फुगतं. साबणपाणी आणि सिलिकॉन स्प्रे पुरे.

उंबऱ्याजवळचा प्लाय स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकून बघा. आवाज भद्द आला आणि स्क्रूड्रायव्हरचं टोक आत घुसलं तर पाणी मुरलंय. तो प्लाय कापून बदलल्याशिवाय वरचं कुठलंही काम टिकणार नाही.

वाटेत दार लागेनासं झालं तर आतून रॅचेट पट्टा (खटक्याने ताणून आवळायचा सामानाचा पट्टा) सीटच्या लोखंडी फ्रेमला बांधा, सुटायला सोपा ठेवा, दाराशेजारी कोणाला बसवू नका आणि दुसरी बाहेर पडायची वाट मोकळी ठेवा. दुरुस्तीनंतर ३० किलोमीटर खराब रस्त्यावर गाडी फिरवून सगळे बोल्ट पुन्हा आवळा. मग प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून पट्टीपर्यंत नेलपेंटची एक रेघ ओढा. पुढच्या वेळी रेघ तुटलेली दिसली की कुठला बोल्ट फिरला ते पाना न लावता कळतं.