धुळं फिरायचं तर पायी

चाळीसगावहून धुळ्याची पॅसेंजर पकडा, एस.टी.पेक्षा स्वस्त पडते. सॅक हलकी ठेवा. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत; ‘चार नंबर कुठे, भो?’ विचारलं की पुरे. उन्हं चढायच्या आत राजवाडे संशोधन मंडळ बघा. इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यातच वारले. मग समर्थ वाग्देवता मंदिर: रामदासी बाडं, जुनी हस्तलिखितं. घाई करू नका.

जेवायला शेवभाजी. जाड तिखट शेव रश्श्यात वाढतानाच पडली पाहिजे. आधीच भिजून लगदा झालेली असेल तर सरळ उठा. सोबत कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकरी आहे का विचारा, चपातीवर भागवू नका. तर्री मात्र बेतानं, इथलं तिखट पाहुणा बघत नाही. बाटलीचं पाणी कशाला? तांब्या मागा, भरून मिळतो.